डावं मागचं चाक

३ ऑक्टोबर

ती. मामा,

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मागच्या खेपेला मी "टायर" म्हणाले आणि तुम्ही मला वाफ घ्यायला सांगितलंत.

तुम्ही दिलेली गाडी छान आहे. एकवीस वर्षांची आहे हे बाहेरून कुणाला कळू देत नाही. पण तिचं डावं मागचं चाक हवा सोडतं. एकदम नाही. संध्याकाळी ठीक असतं, सकाळी जरा बसल्यासारखं दिसतं, आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की गाडी कंबर धरलेल्या माणसासारखी त्या बाजूला कलून उभी राहते. मी तीन पंक्चरवाल्यांकडे जाऊन आले. तिघांनी चाक काढून पाण्यात बुडवलं. तिघांनाही एक बुडबुडा दिसला नाही. तिसरा तर म्हणाला, "ताई, चाक चांगलं आहे, तुम्ही काळजी करता म्हणून असं वाटतं."

आता घाई का ते सांगते. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायची ही फेरी मला सहा महिन्यांच्या बोलीवर मिळाली आहे, आणि अट एकच, नर्सकडे स्वतःची भरवशाची गाडी हवी. सत्तावीस नोव्हेंबरला गाडी रात्रभर ऑफिसच्या आवारात उभी करायची, अठ्ठावीसला सकाळी साहेब स्वतः तपासणार, हवेसकट. (माझ्या आधीच्या नर्सची गाडी ढकलून सुरू करावी लागायची आणि ढकलायला पेशंट यायचे, त्यावरून हा नियम निघाला.) नापास झाले तर फेरी दुसरीकडे जाईल आणि मी गोदामात बसून कापसाचे गठ्ठे लावीन. गठ्ठ्यांना माझी ना नाही. पण पुलापलीकडच्या एका आजोबांच्या पायाची जखम पाच महिन्यांनी भरत आली आहे, आणि ते माझ्याशिवाय कुणाला पट्टी सोडू देत नाहीत.

आई बरी आहे. तुमच्या गाडीत अजून बसलेली नाही. बाजारात चालत जाते, दोन पिशव्या घेऊन चालत येते, आणि मी तिच्या मागून पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत येते. लोक बघतात. तुमचं पत्र आलं की "काय म्हणणं आहे त्या गृहस्थांचं?" असं विचारते आणि मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरात जाते. नऊ वर्षं झाली. सख्ख्या भावाबहिणीचं काय बिनसलं ते तुम्ही दोघंही सांगत नाही, आणि मी विचारायचं सोडलं आहे. चाकाचं तेवढं सांगा.

ठकी


७ ऑक्टोबर

चि. ठकीस आशीर्वाद.

मला उत्तम ऐकू येतं. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला माझा इलाज नाही.

पंक्चरवाल्यांकडे जाणं बंद कर. ते चाक बघतात, मी तुला चाकाची तब्येत बघायला शिकवतो. सोबत हवा मोजायचा गेज पाठवला आहे. तीस पौंड हवा भर आणि मग रोज सकाळी सात वाजता, गाडी जागची हलवायच्या आधी, टायर गार असताना मोज. आकडा वहीत लिही. अंदाजाने बोलायचं नाही. "जरा बसल्यासारखं" हा काही आकडा नव्हे. आठवडाभराचे आकडे आले की साबणाचं पाणी कर आणि ब्रशने लाव. रस्त्याला घासतो त्या भागावर लाव, टायर आतल्या लोखंडी रिमला जिथे चिकटतं त्या कडेला लाव, व्हॉल्वच्या तोंडात थेंबभर सोड. फेस फुगला की तिथे चोर आहे. तरीही नाहीच सापडला तर स्टेपनी त्या जागी लावून बघ. मात्र दर वेळी काम झालं की चाकावरचं झाकण, म्हणजे व्हीलकॅप, परत बसव. चाक उघडं ठेवून हिंडायचं नाही. आमच्या दुकानातून गाडी निघायची ती कपडे घालून निघायची, ही तुझ्या आजोबांची शिस्त.

ताईचं वाचलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे पंचाहत्तरीची बाई पिशव्या घेऊन चालते आणि तिच्या मागून माझी गाडी रिकामी येते, हे चित्र मला काही बरं वाटत नाही. गाडी मी तुझ्यासाठीच दिली, हे खरं. ती कधीतरी तीत बसेल अशी आशा होती, हेही खरं. ठकी, मला एकच बहीण आहे. तिने माझ्याशी बोलावं एवढीच माझी आता एक मागणी उरली आहे, बाकीच्या सगळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत.

काय बिनसलं ते मला तरी कुठे नीट माहीत आहे? मी दुकानातून निवृत्त झालो तेव्हा टायरवाल्यांच्या संघटनेने माझा निरोप समारंभ केला, त्यात माझं भाषण चालू असताना ती उठून गेली, ती गेलीच. दुकान विकताना तिला विचारलं नाही, तो राग असावा.

गेज जपून वापर. खाली पाडू नकोस.

मामा


२२ ऑक्टोबर

ती. मामा,

गेज एकदाच पडला. चालतो आहे.

आकडे असे. पहिल्या दिवशी तीस, मग अठ्ठावीस, सव्वीस, तेवीस. मग व्हीलकॅप काढून साबणाचं पाणी लावलं. चाकाची अंघोळ झाली, माझीही झाली, फेस कुठेही फुगला नाही. तेव्हा तुमच्या हुकमाप्रमाणे स्टेपनी चढवली, व्हीलकॅप बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेपनीत सत्तावीस! म्हणजे चाक बदललं तरी हवा जातेच. शेजारचे निवृत्त मास्तर येऊन बराच वेळ बघून गेले आणि म्हणाले, दोष चाकाचा नाही, जागेचा आहे. मी मूळचं चाक परत लावून टाकलं.

त्यानंतर एका पेशंटच्या दारात चाक पार जमिनीला टेकलं. पुढच्या घरी तासभर उशिरा पोचले. साहेबांनी कागदावर माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि मला दिसू नये म्हणून हात आडवा धरला. घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसून रडले. आई पातेलं घासत होती, ती घासतच राहिली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवा मोजली तर एकतीस! तिसऱ्या दिवशी एकतीस. आज सहावा दिवस, आजही एकतीस. मामा, टायर बरं झालं. असं अचानक बरं झालेलं मी माझ्या पेशंटांमध्ये पाहिलं आहे, पण त्यांना निदान औषध तरी दिलेलं असतं.

ठकी


२६ ऑक्टोबर

चि. ठकी,

टायर बरं होत नसतं. हवा आपोआप उतरते, आपोआप चढत नाही. चढली असेल तर कुणीतरी भरली आहे, आणि कुणी भरली ते मला आकड्यावरून कळलं.

आमच्या दुकानातला गेज एक पौंड जास्त दाखवायचा. तुझ्या आजोबांना तो बदलायचा नव्हता, कारण तो कुठल्याशा परदेशी कारखान्यातून आला होता. म्हणून आम्ही सगळे तीसच्या ऐवजी एकतीसपर्यंत भरायचो. गेज गेला, आजोबा गेले, हाताची सवय काही गेली नाही. एकतीसपर्यंत भरणारी जगात आता दोनच माणसं उरली आहेत आणि त्यातला एक इथे बसून तुला पत्र लिहितो आहे.

तुमच्या जिन्याखाली पायाने मारायचा पंप आहे, त्याच्यावर धूळ आहे का बघ. बघ आणि तसाच ठेव. ताईला काही विचारू नकोस. तुझं पत्र वाचून मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत येऊन बसलो, पुन्हा उठलो. तिने माझ्या गाडीला हात लावला, ठकी. किती आनंद झाला ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

तिला जुन्या दिवसांची आठवण होऊ दे. पुढचं जेवताना मोठ्याने वाचून दाखव.

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकवीस वर्षांचा. मोठ्या डॉक्टरांच्या गाडीचं एक चाक रोज सकाळी बसलेलं असायचं. तीन दुकानांनी हात टेकले, तीन वेळा ट्यूब बदलली, टायरसुद्धा बदललं. शेवटी गाडी आमच्याकडे आली. मी सगळ्यांना गप्प बसवलं. रस्त्यावरून जाणारे थांबले. मी जमिनीवर आडवा झालो, चाकाला कान लावला, श्वास रोखला, आणि ऐकलं. मुंगीने उसासा टाकावा एवढाच आवाज! "सापडलं," म्हटलं. दोन मिनिटांत काम झालं. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि त्या दिवसापासून आमचं दुकान जे चालायला लागलं ते मी विकेपर्यंत चाललं. निरोप समारंभात मी हीच गोष्ट सांगितली होती. खूप टाळ्या पडल्या.

मामा


३ नोव्हेंबर

मामा,

वाचून दाखवलं. चांगलं काम केलंत.

डॉक्टरांच्या गाडीपाशी आईने खाणं थांबवलं. मुंगीपाशी चमचा खाली ठेवला. मी टाळ्यांपर्यंत पोचले तोवर ती ताट उचलून आत गेली होती. मला वाटलं तिला गहिवरून आलं. बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "त्या गृहस्थांना विचार, सापडलं म्हणजे काय सापडलं? भोक कुठे होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा अठ्ठावीस. परवा पंचवीस. जिन्याखाली पंप नव्हता. तो स्वच्छ पुसून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला सापडला. आता गप्प राहण्यात काय अर्थ उरला होता? मी विचारलं, "आई, हवा तू भरत होतीस?" ती म्हणाली, "कसली हवा?"

सध्या मीच भरते. अठ्ठावीसपासून एकतीसपर्यंत जायला साठ वेळा पाय मारावा लागतो, मी मोजलं. म्हणजे ती पहाटे उठून, माझी झोप मोडू न देता, रोज हे करत होती. आणि तुमची एक गोष्ट ऐकून तिने ते थांबवलं. तुम्ही त्या पत्रात नक्की काय केलंत ते मला कळलेलं नाही, पण काहीतरी केलंत.

हवा भरत राहणं हा इलाज नाही हे तुम्हाला सांगायला नको. सत्तावीसच्या रात्री मी ऑफिसच्या आवारात शिरून पंप मारू शकत नाही. तिथे पहारेकरी आहे आणि तो माझ्यावर आधीच नाराज आहे.

भोक कुठे होतं ते कळवा. आई विचारते आहे, आणि आता मलाही ते हवं आहे. कदाचित आपल्या चाकाचं दुखणं तेच असेल.

ठकी


७ नोव्हेंबर

चि. ठकी,

भोक कुठे होतं हा प्रश्न जरा तांत्रिक आहे. पन्नास वर्षं झाली. भोक चाकातच होतं एवढं नक्की.

आता ते उकरण्यात वेळ घालवू नकोस. व्हॉल्वच्या आतली पिन बदलून घे. टायर उतरवून रिमची कड घासून घे, जुन्या रिमला गंज धरतो आणि तिथून हवा निसटते. कडेला सोल्यूशन लावून टायर परत चढवायला सांग. मग पाण्यात बुडवून बराच वेळ बघ, ते लोक घाई करतात. नव्वद टक्के यानेच थांबेल.

इकडे सर्व ठीक. थंडी पडायला लागली आहे.

मामा


११ नोव्हेंबर

मामा,

पिन बदलली. रिम घासून आरशासारखी केली. सोल्यूशन लावलं. चाक तासभर पाण्यात होतं आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसले होते. दुकानदाराने मला चहा दिला, मग वर्तमानपत्र दिलं, मग शटर अर्धं ओढलं. एक बुडबुडा नाही. घरी आणलं, चाक चढवलं, व्हीलकॅप बसवली. सकाळी सत्तावीस.

आईला सांगितलं. ती हसली. तुमच्या विषयावर नऊ वर्षांत पहिल्यांदा हसली, पण ते हसू तुम्हाला कळवावं असं नव्हतं.

मामा, तिला माहीत आहे. चाकाचं काय आहे ते तिला केव्हापासूनच माहीत आहे, मला खात्री आहे. मी हात जोडले. ती म्हणाली, "ज्याने डॉक्टरांची गाडी बरी केली त्याला विचार. तो कान लावून सांगेल." आणि मग, "तुझ्यासाठी जीव तुटतो गं माझा. पण हे त्याच्याच तोंडून यायला हवं."

काय यायला हवं? सोळा दिवस राहिले आहेत.

ठकी


२० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

हे पत्र ठकीला नाही, तुला आहे. वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण फाडूही नकोस. मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल.

डॉक्टरांच्या गाडीचं भोक मी शोधलं नव्हतं. तू शोधलंस. ते कुठे होतं हे मला आजही माहीत नाही.

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "मुलाने शोधलं." मुलगी गाडीखाली हात घालते हे त्यांना डॉक्टरांपुढे सांगायचं नसावं. मी तिथे उभा होतो. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. म्हटलं नाही. पाठीवर थाप पडली ती बरी वाटली. तू आत हात धूत होतीस. तुला ऐकू गेलं असणार, हे मला तेव्हाही माहीत होतं.

सुरुवातीला ती गोष्ट सांगताना मला लाज वाटायची. मग सवय झाली. मग मी कान लावल्याचं घातलं, काही वर्षांनी मुंगी घातली. आता मला ती जमीनसुद्धा आठवते जिच्यावर मी कधी आडवा झालो नव्हतो. समारंभात तू समोर बसली होतीस आणि मी मुंगीसकट सगळं सांगितलं. तू उठलीस तेव्हा मला कळलं होतं का उठलीस ते. दुकानाचा राग असावा असं मी स्वतःला सांगितलं, ठकीलाही लिहिलं. ते सोपं होतं. बाकी मुंगी काय, हत्ती ओरडला तरी मला ऐकू येत नाही, ताई. तेही इथेच लिहून टाकतो.

दर मंगळवारी आम्हा जुन्या दुकानदारांची बैठक असते. परवा मी तिथे उभा राहिलो आणि सांगितलं की ते काम माझं नव्हतं, बहिणीचं होतं. मग अध्यक्ष म्हणाले, "एवढा मोठा कारागीर, आणि श्रेय बहिणीला देतो. याला म्हणतात मोठं मन." टाळ्या पडल्या. मी म्हटलं, अहो खरंच सांगतो. आणखी टाळ्या पडल्या. आता माझं नाव पूर्वीपेक्षा मोठं झालं आहे आणि यावर काय करावं ते मला कळत नाही.

मी तुझ्यावर अन्याय केला. मला माफ कर. नाही केलंस तरी माझी तक्रार नाही. पण ताई, तू ते शोधलंस कसं? आम्ही सगळे तिथेच होतो, कुणाला दिसलं नाही, तुला कसं दिसलं? मला सांगायचं नसेल तर ठकीला सांग. तिची फेरी जायला नको. तिची काही चूक नाही.

तुझी आठवण येते. रोज येते.

तुझा भाऊ


२९ नोव्हेंबर

ती. मामा,

पास झाले. काल सकाळी साहेबांनी चारही चाकं मोजली. बाकी तिन्हींत तीस आणि डाव्या मागच्यात एकतीस. त्यांनी विचारलं, "हे एक जास्त का?" मी म्हटलं, आमच्या घरची पद्धत आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं.

तुमचं पत्र तेवीसला आलं. आईने उभ्याने वाचलं. मग चष्मा आणून बसून वाचलं. मग मला म्हणाली, "गाडी उजेडात घे." स्टूल, साबणाचं पाणी आणि बाबांचा जुना दाढीचा ब्रश एवढंच घेतलं. दहा मिनिटं लागली. काय केलं ते मी लिहायचं नाही अशी मला ताकीद आहे. ती स्वतः लिहिणार आहे. चार दिवस लिहिते आहे. तीन कागद फाडले. तुमचा नाही फाडला.

मग गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत बसली. आपणहून. सीट मागे सरकवली, म्हणाली, "चल, त्या पंक्चरवाल्याला एक काम सांगायचं आहे." तो म्हणाला, "आजी, लांब उभ्या राहा, हात काळे होतील." पंधरा मिनिटांनी तो तिला मॅडम म्हणत होता. काळजी करणाऱ्या बायकांबद्दल मला जो बोलला होता, तोच हा.

पुलापलीकडच्या आजोबांची पट्टी काल मी सोडली. जखम नखाएवढी राहिली आहे. मला इतकं बरं वाटलं की मी गाडीत बसून थोडी रडले. यावेळी चारही चाकांत हवा होती.

ठकी


१ डिसेंबर

धांदरटास,

तुझ्या कागदाची मागची बाजू कोरीच ठेवली आहे. पुढची पुन्हा वाचावीशी वाटली तर खराब व्हायला नको.

आता ऐक. डॉक्टरांची गाडी आपल्या दुकानात असली की तिची हवा जायची नाही, हे तुम्ही कुणी बघितलं नाहीत. दोन दिवस उभी होती, तश्शीच. डॉक्टरांच्या दारात गेली की सकाळी बसलेली. बाबा म्हणाले त्यांच्या दारात खिळे असतील. मी विचार केला, आपल्याकडे असताना त्या चाकात वेगळं काय असतं? व्हीलकॅप नसते. गाडी आली की आपण आधी कॅप काढून ठेवायचो आणि जाताना बसवायचो. म्हणून मी कॅप बसवली आणि मग शोधायला लागले. बाबा ओरडले, कॅप लावून कुणी भोक शोधतं का? मी कॅपच्या खाचेतून ब्रश घालून व्हॉल्वच्या बुडाशी साबण सोडला आणि बसून राहिले. बऱ्याच वेळाने एक बुडबुडा आला. मग दुसरा आला.

कॅप वाकडी होती. ती व्हॉल्वला एका बाजूला रेटायची आणि त्याच्या रबराला बुडाशी चीर पडली होती. रेटलं की चीर उघडायची. कॅप काढली की व्हॉल्व सरळ, चीर बंद, चाक शहाण्यासारखं वागायचं. नवी ट्यूब टाकली तरी कॅप तीच, म्हणून आठवड्याभरात पुन्हा तेच.

ठकीच्या चाकाला तेच झालं होतं, आणि स्टेपनीलाही, कारण तिच्यावरही तीच कॅप चढवली, आणि तिचा व्हॉल्व तर गाडीएवढाच जुना. दोन्ही व्हॉल्व नवीन बसवून घेतले. कॅप कुणीतरी आतून हातोडीने ठोकून सरळ केलेली होती, खाली लाकूड न ठेवता. असं ठोकणारा मला एकच माणूस माहीत आहे. गाडी द्यायच्या आधी कशावर आपटलीस ते ठकीला कळव. मी लाकूड ठेवून पुन्हा सरळ केली आहे.

आणि तू लिहितोस की तुला माहीत नाही. अरे, तू माझ्या शेजारी उकिडवा बसला होतास. कॅप तूच धरली होतीस. मी बुडबुड्याकडे बोट दाखवून हे सगळं तेव्हाच सांगितलं होतं. तू रस्त्याकडे बघत होतास, डॉक्टर येतात का म्हणून. कानांचं कारण देऊ नकोस, तेव्हा ते चांगले होते.

दुकान विकलंस याचा मला राग नव्हता. समारंभात मी वाट बघत होते, आता ताईचं नाव घेशील, आता घेशील. मुंगी आली तेव्हा उठले. मला फार लागलं ते. घरी येऊन रडले. ठकीच्या बाबांनी विचारलं तर दात दुखतो म्हटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी दातवाल्याकडे नेलं आणि त्याने एक काढलाही. चांगला होता.

माफी मागितलीस ती ठेवून घेते. पण मी माफीची वाट बघत नव्हते. पन्नास वर्षांत "तू कसं शोधलंस?" असं मला कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. बाबांनी नाही, डॉक्टरांनी नाही, आणि लग्न झाल्यावर तर चाकाचा विषयच संपला. तू विचारलंस. फार उशिरा विचारलंस, आणि त्यासाठी पोरीची नोकरी जायची वेळ यावी लागली. पण पहिला तूच.

मंगळवारच्या मंडळींना सांगायला मी येणार नाही. त्यांना वाजवू देत टाळ्या. तू पत्र लिही, फोन नको. मला आणखीही पुष्कळ येतं. विचारत जा.

ताई